युद्धनौका सोबत असली म्हणजे जहाज सुरक्षित असतं का?

औसा तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी विचारलं आहे: "समुद्रात लढाई पेटली की सरकार सांगतं, नौदल तैनात आहे, जहाजांना संरक्षण आहे, युद्धग्रस्तांना मदत पाठवली. मग ऐन हरभऱ्याच्या पेरणीत आमची डीएपी खताची रेक (मालगाडी) का लागत नाही? दुसरं म्हणजे, माझा पुतण्या टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे. त्याचं जहाज त्या बाजूने जाणार असेल तर सरकार त्याच्यासाठी नेमकं काय करू शकतं?"

भाऊ, मी मूळचा निलंग्याचा. उमेदीची सगळी वर्षं तेलाच्या टँकरवर गेली, पुढे कॅप्टन म्हणून. होर्मुझची सामुद्रधुनी, एडनचं आखात, लाल समुद्र हा आमचा नेहमीचा रस्ता. तुमचे प्रश्न दोन असले तरी उत्तराचा गाभा एकच आहे. लढाईच्या काळात जहाज हलतं ते तिघांच्या होकारावर: विमा देणारा, जहाजाचा मालक आणि जहाजावरचा खलाशी. नौदलाने, परराष्ट्र खात्याने काहीही केलं तरी शेवटी या तिघांना होकार देण्याइतका धीर यावा लागतो. तो आला नाही तर समुद्रात कितीही युद्धनौका उभ्या असोत, जहाज त्या वाटेला फिरकत नाही.

युद्धनौकेची ताकद कुठे संपते ते आधी सांगतो. इराण-इराक युद्धात दोन्ही बाजू एकमेकांचे तेलाचे टँकर फोडत होत्या. तेव्हा अमेरिकेने कुवेतचे ११ टँकर स्वतःच्या झेंड्याखाली घेतले, म्हणजे आपली जहाजं म्हणून नोंदवले, आणि युद्धनौकांच्या सोबतीने ते नेऊ लागली. जुलै १९८७ मध्ये पहिल्याच ताफ्यातला ब्रिजटन हा अजस्र टँकर पाणसुरुंगावर गेला. त्याला भगदाड पडलं, पण तो चालत राहिला. मग सोबतच्या युद्धनौका त्याच्या मागे एका रांगेत लागल्या. पुढे आणखी सुरुंग असेल तर टँकर तो सोसू शकत होता, पातळ पत्र्याची युद्धनौका सोसू शकत नव्हती. संरक्षणाला आलेल्या नौकांची ढाल त्या दिवशी टँकर झाला.

लाल समुद्रातली अडचण वेगळी, पण त्याच जातीची. त्याच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे. येमेनच्या किनाऱ्यावरून हूती बंडखोरांनी सोडलेलं क्षेपणास्त्र जहाजापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही, आणि युद्धनौकेवर ते पाडणारी क्षेपणास्त्रं मोजकीच असतात. ती संपली की बंदरात जाऊनच पुन्हा भरावी लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने पुढाकार घेऊन अनेक देशांचं नौदल तिथे एकत्र आणलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाने अस्पाइड्स ही स्वतःची मोहीम सुरू केली. त्यांनी कितीतरी हल्ले परतवले. तरी २०२४ मध्ये सुएझमधून जाणारी जहाजं निम्म्यावर आली. बाकीच्यांनी आफ्रिकेला वळसा घातला.

आता तुमच्या डीएपीकडे येऊ. आपल्या देशाला लागणाऱ्या डीएपीपैकी निम्म्याहून जास्त माल बाहेरून येतो: सौदी, मोरोक्को, रशिया, चीन. जो देशात बनतो त्याचं फॉस्फोरिक आम्लही जॉर्डन, मोरोक्कोकडून घ्यावं लागतं. सौदीचा माल होर्मुझमधून निघतो, मोरोक्कोचा एरवी सुएझमधून येतो. लाल समुद्र पेटला तेव्हा जहाजांना केप ऑफ गुड होपवरून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर जास्त चालावं लागलं. म्हणजे एका फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त. जी दहा जहाजं महिन्यात जेवढ्या फेऱ्या करत होती, ती आता कमी करणार. त्याच सुमारास चीननेही निर्यातीवर हात आखडता घेतला. २०२४ च्या रब्बीत तुमच्या दुकानासमोर रांग लागली त्याच्या मागे हे सगळं होतं.

यातला विम्याचा भाग मी जरा खोलात सांगतो, कारण बातम्यांत तो येत नाही. लंडनच्या विमा बाजारातली एक समिती धोक्याच्या समुद्राची यादी ठेवते. त्या भागात शिरायचं तर जहाजाचा नेहमीचा विमा चालत नाही, युद्धजोखमीचा वेगळा हप्ता भरावा लागतो, तोही एका फेरीपुरता, साधारण सात दिवसांसाठी. शांततेत हा हप्ता नगण्य असतो. लाल समुद्रात २०२४ मध्ये तो जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला. समजा खताचं जहाज २५० कोटींचं आहे. एक टक्का म्हणजे अडीच कोटी. त्यात ५० हजार टन डीएपी असेल तर ५० किलोच्या दहा लाख बॅगा झाल्या. म्हणजे नुसत्या युद्धविम्याचे बॅगमागे २५ रुपये, भाडं आणि जादा डिझेल वेगळंच.

आणि बॅगवर तर १,३५० रुपये छापलेले. तुम्ही त्याच्यावर एक रुपया घेऊ शकत नाही, आयात करणारी कंपनीही घेऊ शकत नाही. मग कंपनी हात राखून माल मागवते. म्हणून केंद्र सरकारने नेहमीच्या अनुदानावर टनाला ३,५०० रुपये, म्हणजे बॅगमागे १७५ रुपये, खास म्हणून दिले आणि पुढे २०२५ मध्येही ते चालू ठेवले. माझ्या मते औशाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने जहाजाला मिळालेलं खरं संरक्षण हेच होतं. फक्त ते आणखी आधी जाहीर व्हायला हवं होतं. पेरणीचा महिना ठरलेला असतो, जहाज मात्र बुकिंगपासून तुमच्या रेक पॉइंटपर्यंत यायला दोन-दोन महिने घेतं. उशीर झाला की पुढे लिंकिंगचा, म्हणजे खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याचा, जाच सुरू होतो, तो मी तुम्हाला सांगायला नको. अशा वर्षी सुपर फॉस्फेट आणि युरियाची जोड किंवा २०:२०:०:१३ सारखं संयुक्त खत गिऱ्हाइकाला वेळेआधी समजावून द्या. हरभऱ्याला स्फुरद मिळाल्याशी मतलब, पोत्यावरच्या नावाशी नाही.

आता भारताच्या नौदलाविषयी. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे आणि मनापासून मानतो. सोमाली चाच्यांच्या धुमाकुळात, ऑक्टोबर २००८ पासून, आपली एक तरी युद्धनौका एडनच्या आखातात सतत असते. तेव्हा तिथे ४९० सागरी मैलांचा एक ठरलेला मार्ग आखला होता, जाण्यायेण्याच्या पाच-पाच मैल रुंद दोन पट्ट्या आणि मध्ये दोन मैलांची मोकळी जागा. सारख्या वेगाच्या जहाजांचे गट करून आम्हाला नेलं जायचं, आणि सर्वांत वाईट टापू ठरलेल्या तासांत पार पडेल असं वेळापत्रक असायचं. कठड्याला काटेरी तारा गुंडाळलेल्या, आगीचे पाइप दाबाने बाहेर सोडलेले, टेहळणीला दुप्पट माणसं. कोणत्याही झेंड्याचं जहाज त्या रांगेत लागू शकत होतं.

झेंड्याची ही गोष्ट तुमच्या पुतण्याला लागू पडते, म्हणून लक्षात ठेवा. २३ डिसेंबर २०२३ ला केम प्लूटो या टँकरवर पोरबंदरपासून सुमारे २१७ सागरी मैलांवर ड्रोन आदळलं. जहाजावर झेंडा लायबेरियाचा, मालक जपानी, चालवणारी कंपनी नेदरलँड्सची, माल मंगळूरला यायचा, आणि खलाशी बहुतेक सगळे आपले. कायद्याने पहिली जबाबदारी झेंड्याच्या देशाची. पण लायबेरियाकडे पाठवायला युद्धनौका कुठे आहे? तटरक्षक दलाची विक्रम ही नौका गेली आणि जहाजाला मुंबईपर्यंत घेऊन आली. त्यानंतर अरबी समुद्रात आपल्या विनाशिकांची संख्या वाढवली गेली. २०१९ मध्ये ओमानच्या आखातातल्या हल्ल्यांनंतर सुरू झालेलं ऑपरेशन संकल्प तेव्हापासून बरंच विस्तारलं.

पुढच्या तीन महिन्यांत जे झालं त्यावरून आपलं नौदल काय करू शकतं याचा अंदाज येतो. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला सोमालियाजवळ लीला नॉरफोकवर चाचे चढले. २१ खलाशी, त्यात १५ भारतीय. ते सगळे सिटाडेलमध्ये शिरले. सिटाडेल म्हणजे जहाजाच्या पोटातली, बहुधा स्टिअरिंग गिअरची, जाड पोलादी दाराची खोली. आत पाणी, कोरडं खाणं, उपग्रह फोन, आणि इंजिन बंद करायची सोय. एकही माणूस बाहेर राहिला तर ही युक्ती वाया जाते, कारण तो ओलीस झाला की कमांडो चढू शकत नाहीत. इथे सगळे आत होते. आयएनएस चेन्नई पोचली, नौदलाचे मार्कोस कमांडो चढले, चाचे आधीच पळाले होते. त्याच महिन्यात २६ तारखेला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या नाफ्त्याच्या टँकरला क्षेपणास्त्र लागलं. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. नाफ्ता म्हणजे पेट्रोलचाच भाऊ. आयएनएस विशाखापट्टणमवरचे दहा जण फोम घेऊन त्या जळत्या जहाजावर चढले आणि खलाशांच्या खांद्याला खांदा लावून काही तासांत आग आटोक्यात आणली. टँकरवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्या दहा जणांनी काय केलं ते बरोबर कळतं. मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर रुएन हे पळवलेलं जहाज ४० तासांच्या कारवाईनंतर सोडवलं. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरला गेला.

यात एक फरक बघा. चाच्यांविरुद्ध नौदल हल्ला मोडून काढतं. क्षेपणास्त्राविरुद्ध ते बहुतेक वेळा हल्ल्यानंतर पोचतं: आग विझवायला, जखमींना उचलायला. सहा मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्सवर तीन खलाशी मेले, लाल समुद्रातल्या त्या हल्ल्यांतले ते पहिले बळी. उरलेल्या २१ जणांना आयएनएस कोलकाताने वाचवलं. वाचवणं आणि हल्ला होऊ न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने लोकांना हे स्पष्ट सांगावं असं मला फार वाटतं, कारण 'नौदल तैनात आहे' एवढं वाचून घरचे लोक भलत्या भरवशावर राहतात.

हल्ला होऊ न देण्याचं काम बहुतेक वेळा टेबलावर होतं. एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझजवळ एमएससी एरीज ताब्यात घेतली. तिच्यावर १७ भारतीय होते. तिथे एकही गोळी चालली नाही. परराष्ट्रमंत्री तेहरानशी बोलले, दूतावासाचे लोक खलाशांना भेटले आणि पोरं टप्प्याटप्प्याने घरी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये हूतींनी पळवलेल्या गॅलेक्सी लीडरचे २५ खलाशी तर चौदा महिन्यांनी सुटले, तेही ओमानच्या मध्यस्थीने. इतकी आरमारं शेजारी असून त्यांना कोणी सोडवू शकलं नव्हतं.

सगळ्यांत मोठं उदाहरण काळ्या समुद्राचं. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये करार झाला आणि ओडेसासह युक्रेनची तीन बंदरं धान्यासाठी उघडली. १ ऑगस्टला रझोनी हे पहिलं जहाज मका घेऊन निघालं. जहाजांसोबत युद्धनौका नव्हती. उलट करारानुसार ठरलेल्या नियमांत असं होतं की कोणत्याही लष्करी नौकेने वा विमानाने त्या जहाजांच्या दहा सागरी मैलांच्या आत यायचंच नाही. इस्तंबूलमध्ये रशिया, युक्रेन, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रं यांचे निरीक्षक एकत्र जाऊन प्रत्येक जहाज तपासत. जाताना शस्त्रं नाहीत ना, येताना धान्यच आहे ना. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांची माणसं एकाच लाँचमधून जहाजावर चढत होती. वर्षभरात जवळपास ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं. १७ जुलै २०२३ ला रशिया बाहेर पडला आणि करार संपला. आपल्याकडे याचा संबंध थेट लातूरच्या आडतीशी लागतो. युद्धाआधी भारताचं सूर्यफूल तेल प्रामुख्याने युक्रेनमधून यायचं, आणि तेल आटलं की सोयाबीनचा भाव हलतो.

मदतीचंही असंच. धान्य, औषधं गोळा करणं हा त्यातला सोपा भाग. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारताने अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू द्यायचं ठरवलं. गहू आपल्या गोदामात तयार. रस्ता मात्र पाकिस्तानातून. ट्रक कोणाचे, भारताचे की पाकिस्तानचे, यावर महिने गेले. शेवटी अफगाण ट्रक आणि अफगाण ड्रायव्हर यांवर मेळ बसला आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला अटारीहून ५० ट्रकांचा पहिला ताफा अडीच हजार टन घेऊन जलालाबादला निघाला. तोपर्यंत काबूलचा अख्खा हिवाळा जवळजवळ सरला होता. भुकेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ट्रकवरच्या नंबर प्लेटच्या वादात इतका वेळ जाणं हे पाप आहे.

लातूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. गाडीचे फोटो सगळीकडे झळकले. पण ते पाणी नळातून निघत नव्हतं. स्टेशनवर उतरवायला जागा, तिथून पाइपलाइन, शुद्धीकरण, मग टँकर, मग वॉर्डाची पाळी. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. युद्धाच्या मदतीला हेच सगळं लागतं, फरक इतकाच की प्रत्येक टप्प्यावर हातात बंदूक असलेला कोणीतरी 'थांबा' म्हणू शकतो.

गाझाचं पाहा. २२ ऑक्टोबर २०२३ ला हवाई दलाचं सी-१७ विमान साडेसहा टन औषधं आणि ३२ टन इतर साहित्य घेऊन हिंडनहून निघालं. ते उतरलं इजिप्तच्या अल-अरीशला. तिथून पुढचा रस्ता आपल्या हातात नव्हता. तपासणी, सीमेवरच्या रांगा, कोणती वस्तू लष्करी कामाला येईल म्हणून बाजूला काढायची याचे वाद, हे सगळं पुढे होतं. अमेरिकेने २०२४ मध्ये समुद्रातून थेट मदत उतरवायला तरंगता धक्का बांधला. अंदाजे २३ कोटी डॉलर खर्च. १७ मे पासून माल उतरू लागला, आठवड्याभरात लाटांनी धक्का तुटला, दुरुस्त झाला, आणि जुलैत गुंडाळला. प्रत्यक्षात चालला वीसेक दिवस, माल उतरला नऊ हजार टनांच्या जवळपास. एका ट्रकमध्ये १५ ते १८ टन धरले तर हे पाच-सहाशे ट्रक होतात. युद्धाआधी गाझात रोज सुमारे ५०० ट्रक जात. जमिनीवरचं फाटक उघडलं तर एका दिवसात जे झालं असतं त्यासाठी दोन महिने समुद्राशी झुंज दिली गेली. चौथ्या जिनिव्हा कराराच्या २३ व्या कलमात औषधं आणि लेकराबाळांचं अन्न यांना वाट देण्याचं बंधन लिहिलेलं आहे, पण ते पाळून घेणारा कोणी नसला तर तो कागदच राहतो.

आपल्या सरकारची हातोटी कुठे आहे ते मात्र २०१५ च्या येमेनमध्ये दिसलं. ऑपरेशन राहत. सौदी विमानं सनावर बाँब टाकत होती. आपण सौदीशी बोलून रोज काही तासांची मोकळीक मिळवली, तेवढ्यात एअर इंडियाची विमानं सनात उतरून माणसं घेऊन जिबूतीला जात. एडनमध्ये विमान उतरणं शक्य नव्हतं. तिथे आयएनएस सुमित्रा गेली, जी मुळात चाच्यांच्या गस्तीवर होती, आणि ३१ मार्चला पहिल्या खेपेत ३४९ माणसं काढली. एकूण ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर आले. सगळ्या बाजूंशी बोलणं चालू असणं आणि नौका आधीपासून जवळ असणं, या दोन्हींमुळे ते झालं. दोन्ही गोष्टी शांततेच्या वर्षांत राखाव्या लागतात, तेव्हा त्यावर होणारा खर्च कोणाला दिसत नाही.

आता पुतण्याबद्दल. तो इंजिन रूमवाला आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो: चाचे आले तर खाली सिटाडेलमध्ये, पण क्षेपणास्त्र, ड्रोन वा स्फोटकांच्या बोटीचा धोका असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर ठरवलेल्या जागी जमायचं. जून २०२४ मध्ये ट्यूटर जहाजावर स्फोटकांची बोट इंजिन रूमपाशी आदळली आणि तिथला खलाशी गेला. धोक्याच्या पट्ट्यात इंजिन रूममध्ये कमीत कमी माणसं ठेवायची असतात. निघण्याआधी याची ड्रिल झाली का, हे त्याने सेकंड इंजिनिअरला सरळ विचारावं. त्यात कमीपणा नाही.

त्याच्या करारात 'वॉरलाइक एरिया'चं कलम आहे का ते बघा. आंतरराष्ट्रीय खलाशी संघटना आणि मालक यांच्या कराराखालचं जहाज असेल तर युद्धक्षेत्र जाहीर झालेल्या भागात जायला तो नकार देऊ शकतो, आणि कंपनीने त्याला स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं असतं. गेला तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, मृत्यू वा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. कर्ज डोक्यावर असलेलं पोरगं बहुतेक वेळा नकार देत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून नकाराचा हक्क आहे, हे घरच्यांनीच त्याला स्पष्ट सांगावं.

घरी एका फाइलमध्ये एवढं ठेवा: पासपोर्ट आणि सीडीसीची (खलाशाच्या नोंदणीपुस्तकाची) झेरॉक्स, त्याचा इंडोस नंबर (भारतीय खलाशी म्हणून नोंदीचा क्रमांक), नेमणूक करणाऱ्या कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) क्रमांक, करार, जहाजाचं नाव, झेंडा आणि आयएमओ नंबर (जहाजाचा ओळखक्रमांक). जहाजाचं नाव, झेंडा, मालक सगळं बदलू शकतं, आयएमओ नंबर बदलत नाही. काही झालं तर आधी मुंबईच्या डीजी शिपिंगला (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाला) कळवा, तिथे चोवीस तास माणूस असतो. परवानाधारक कंपनीमार्फत गेला असेल तर सरकारच्या हाती कंपनीची मान असते. लातूर, बीड, नांदेडकडची जी मुलं एजंटाला काही लाख देऊन, व्हिजिट व्हिसावर आखातात जाऊन एखाद्या जुनाट जहाजावर चढतात, त्यांची सरकारकडे नोंदच नसते. २०२४ मध्ये जगभर मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वांत जास्त भारतीय होते. तुमच्या गावात कोणी असं निघालं असेल तर त्याला थांबवा.

पुतण्याच्या जहाजाचा झेंडा कोणता आणि करारावर कोणत्या संघटनेचं नाव आहे, तेवढं मला कळवा. कराराची पानं पाठवलीत तर युद्धक्षेत्राचं कलम वाचून त्याला काय लागू होतं ते लिहीन.